थोडे दिवस

साठी उलटली की माणूस वस्तूंच्या आयुष्याकडे जरा बारकाईने पाहू लागतो. निराला बाजारात गादी दाखवणारा पोरगा उत्साहाने म्हणतो, "काका, ही घेऊन टाका, वीस वर्षं बघायला नको," आणि आपण गादीवर हात ठेवून मनातल्या मनात बेरीज करत उभे राहतो. पूर्वी अशा वेळी बेरीज पैशांची चालायची. आता गादीचं आयुष्य आणि आपलं वय यांची चालते, आणि उत्तर आलं की गादी उगाचच महाग वाटू लागते. या हिशेबीपणामुळे आमच्या सिडकोतल्या घरात येणाऱ्या गोष्टी हळूहळू अल्पायुषी होत गेल्या. फ्रीज घेतला तो लहान. कुंड्यांमध्ये लिंबाच्या नि डाळिंबाच्या जागी शेवंती आली, कारण शेवंती माणसाला पुढच्या हिवाळ्यापलीकडे बांधून घेत नाही. मुलगी-जावई पुण्यात, आम्ही दोघं आपापल्या चष्म्यांसह इथे, अशी सगळी सुटसुटीत मांडणी झालेली असताना पन्नास-साठ वर्षं सहज जगणारा एक पक्षी आमच्याकडे राहायला आला. नियतीने विनोद केला असेल तर तो घाईत केलेला नाही, एवढं म्हणता येईल.

पक्षी म्हणजे मकाव. पाठीला निळा, पोटाला पिवळाधमक, कपाळावर हिरवी झाक, आणि गालांवर पांढरी उघडी कातडी. त्या कातडीवर बारीक काळ्या पिसांच्या ओळी, एखाद्या जुन्या कारकुनाने बोरूने ओढाव्यात अशा. शेपटीसकट पावणेतीन फूट लांबी, वजन किलोच्या आसपास. याची मूळ वस्ती पनामापासून ब्राझील-बोलिव्हियापर्यंतच्या जंगलांत. आमचा मात्र बहुधा कुठल्यातरी पिंजऱ्यातच अंड्यातून बाहेर आलेला, म्हणजे ॲमेझॉन मी जेवढं पाहिलंय तेवढंच त्याने. शहराबाहेर हायवेवरच्या एका जेवणाच्या ठिकाणी तो असायचा. तिथे झोपाळे होते, ससे होते, भिंतीला टेकवलेलं बैलगाडीचं एक चाक होतं, आणि थाळीची वाट बघून कंटाळलेल्या लेकरांना फोटोपुरता हा होता. ते ठिकाण बंद पडलं. झोपाळे विकले गेले, सशांचं काय झालं हे विचारू नये, आणि हा मागच्या अंधाऱ्या खोलीत पिंजऱ्यासकट राहून गेला. विहिरीत पडलेली कुत्री काढणारी, न्हाणीघरात निघालेला साप धरून रानात सोडणारी चार मुलं प्रत्येक गावात असतात. आमच्याकडच्या मुलांनी त्याला तिथून बाहेर काढलं आणि त्यांच्यातल्या एकाचा मला फोन आला. "काका, थोडे दिवस ठेवता का?"

माझी पात्रता एवढीच की हिवाळ्यात सलीम अली सरोवरावर मी दुर्बीण घेऊन बदकं बघतो. बदकं बघणाऱ्याच्या हाती मकाव देणं म्हणजे पेपरातलं राशिभविष्य वाचणाऱ्याला वेधशाळेत नोकरीला लावणं. पण 'थोडे दिवस' म्हटल्यावर आपल्याकडे कोणी नाही म्हणत नाही. माझ्या लहानपणी परभणीचे एक मामा असेच थोडे दिवस शिकायला म्हणून आमच्याकडे आले होते. त्यांचं लग्न आमच्या घरातून लागलं. पिंजरा गॅलरीत टेकला तेव्हा बायकोने कमरेवर हात ठेवून पक्ष्याकडे पाहिलं. पक्ष्याने मान वाकडी करून एका डोळ्याने तिच्याकडे पाहिलं. दोघांचंही एकमेकांविषयी काहीतरी मत झालं असावं. ती म्हणाली, "पाहुणे मोठे दिसतात." तेव्हापासून ते पाहुणे. पाहुणे जेवले का, पाहुण्यांनी वाटी परत पालथी केली, आज पाहुण्यांचं काहीतरी बिनसलंय, अशी आदरार्थी बहुवचनात त्यांची घरात नोंद झाली. नर की मादी हे मकावला नुसतं बघून कळत नाही, त्यासाठी पीस प्रयोगशाळेत पाठवावं लागतं. पाहुण्यांना असलं काही विचारू नये म्हणून आम्ही ते केलं नाही.

शेजारपाजारचे बघायला आले, मुलं तर रांगेने आली. तशी आमच्या जिल्ह्याला परदेशी पाहुण्यांची सवय जुनी आहे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात छताकडे पाहिलं तर टोप्या आणि पायमोजे घातलेली परकी मंडळी दीड हजार वर्षांपासून निवांत पेले हातात घेऊन बसलेली आहेत, आणि त्यांना अजून कोणी "निघताय कधी?" म्हणून विचारलेलं नाही.

सरकारदरबारची नोंद मात्र घरातल्या नोंदीपेक्षा मजेची निघाली. आजोबांच्या पैठणच्या घरी ओसरीवर एक पितळी पिंजरा टांगलेला असे. त्यात राघू. त्याला भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि हिरवी मिरची मिळे, आणि त्याबदल्यात येणाऱ्या-जाणाऱ्यापुढे 'विठू विठू' म्हणण्याचं काम त्याच्याकडे होतं. तो ज्वारीच्या कणसांवर उतरणारा, चिंचेच्या ढोलीत अंडी घालणारा आपला हिरवा पोपट आज घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. पाहुणे परदेशी, त्यामुळे त्यांना ठेवता येतं. फक्त कागद हवा. २०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाली, २०२४ च्या फेब्रुवारीत नियम आले, आणि असले परदेशी प्राणी ज्याच्या ताब्यात असतील त्याने ते 'परिवेश' नावाच्या पोर्टलवर नोंदवायचे, ताबा बदलला तर कळवायचं, पिल्लू झालं तर कळवायचं, मेला तरी कळवायचं असं ठरलं. म्हणजे ज्याच्या खापरपणजोबांनी आमच्या खापरपणजोबांची ज्वारी खाल्ली त्याला उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही, आणि ब्राझीलच्या या गृहस्थांचा आमच्या घरच्या पत्त्यावर कागद निघतो! फॉर्म भरायचं सगळं त्या मुलांनी केलं. कागद हातात आल्यावर बायकोने तो रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवला. घरच्या माणसांचे कागद एका जागी असलेले बरे, म्हणाली. मला त्यावर बोलायचं होतं, पण ती स्वयंपाकघरात निघून गेली होती.

संध्याकाळी हिमायत बागेच्या बाजूने आपल्या हिरव्या पोपटांचे थवे किलबिलत येतात आणि गॅलरीवरून सपासप निघून जातात. त्या फळबागेत त्यांची रोजची मेजवानी असते. पैठणच्या हाल राजाने प्राकृतातल्या गाथा जमवल्या, त्यांतसुद्धा हे थवे आकाशातून उतरतात, म्हणजे इथलं त्यांचं येणं-जाणं दोन हजार वर्षांचं. पाहुणे एक डोळा वर करून त्यांच्याकडे बघत राहतात. त्या नजरेत हेवा आहे की गावच्या पोरांकडे बघणाऱ्या शहरी माणसाचा अलिप्तपणा, हे अजून मला ठरवता आलेलं नाही. ते पोपट मात्र खाली बघतसुद्धा नाहीत. कायद्याने ज्यांना पिंजऱ्यापासून मोकळं केलंय त्यांनी कशाला बघावं?

आले तेव्हा पाहुण्यांच्या छातीवर पिसं नव्हती. जिथे दाट पिवळा रंग हवा तिथे करडी गुलाबी कातडी, तिच्यावर अर्धवट कुरतडलेली काही देठं. एकटा पडलेला मकाव स्वतःची पिसं उपटतो. रानात ही मंडळी जोडीने राहतात. पन्नासांचा थवा उडत असला तरी त्यात जोड्या वेगळ्या ओळखू येतात, इतके दोघंदोघं पंखाला पंख लावून उडतात, आणि बसले की तासन्‌तास एकमेकांची पिसं विंचरतात. विंचरायला कोणी नसलं की चोच स्वतःकडे वळते. पाहुण्यांच्या डोक्यावरची पिसं मात्र सगळी जागच्या जागी, चकचकीत, एकही कमी नाही. कारण तिथे स्वतःची चोच पोचत नाही. त्यामुळे मानेच्या वर पासपोर्टच्या फोटोला बसलेले उमदे गृहस्थ, आणि फोटोत न येणाऱ्या भागात सगळी दैना, असं ते रूप होतं. आमच्या ओळखीत अशी बरीच माणसं आहेत.

मैत्रीत पहिली अडचण आली ती चोचीची. ती चोच तिकडे ताडामाडांची दगडासारखी फळं फोडते. आमच्याकडे तिने आल्या आल्या गॅलरीच्या दाराची खिटी काढून दाखवली. पाहुण्यांसमोर हात धरला की ते आधी पाय पुढे करत नाहीत, ती चोच पुढे करतात आणि सावकाश मनगटावर टेकवून दाबतात. माणूस दचकतो आणि हात मागे घेतो. तिथेच सगळं बिघडतं. मुलांपैकी एकाने समजावून सांगितलं की मकावची चोच हा त्याचा तिसरा पाय असतो. फांदी वजन पेलेल का, हलते का, आतून कुजलीय का, हे तो चोचीने दाबून बघतो आणि मगच तिच्यावर पाय ठेवतो. आपण हात मागे ओढला की त्याच्यापुरता निकाल लागला : ही फांदी भरवशाची नाही. तेव्हा मला काय करायचं होतं, तर फांदी व्हायचं होतं. सरकारी नोकरीत जन्म काढलेल्या माणसाला हे अवघड जायला नको. मी रोज संध्याकाळी हात आडवा धरून, गॅलरीत कपड्यांच्या दोरीशेजारी उभा राहू लागलो. समोरच्या घरातल्या वहिनींनी बायकोला काळजीने विचारलं, "यांना खांद्याचा व्यायाम दिलाय का?"

आणि मग कधीतरी चोच टेकली, दाबली, आणि पाठोपाठ एक कोरडा, खरखरीत, उबदार पाय मनगटावर आला. दोन बोटं पुढून, दोन मागून, अशी त्या पायाची पकड असते. मग दुसरा पाय. मग एक किलोचं सगळं अस्तित्व. मी श्वास घ्यायचा थांबलो होतो हे मला नंतर बायकोने सांगितलं. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात तो नळीवरचा पोपट आहे ना, ज्याच्या भाराने नळी उलटी फिरते, आणि कोणी बांधलेलं नसताना जो भीतीने तीच नळी घट्ट धरून ठेवतो? पैठणजवळच्या आपेगावात शाळेच्या सहलीला गेलो असताना आमच्या गुरुजींनी तो दृष्टान्त समजावून दिला होता, आणि आम्हाला सगळ्यांना त्या पोपटाची कीव आली होती. पाहुणे आता माझ्या हातावर तासतासभर बसतात. हाताला मुंग्या येतात, चहा निवतो, फोन वाजून बंद होतो. मी हात हलवत नाही. आमच्यात नळी कोण आणि पोपट कोण हे गुरुजींनासुद्धा सांगता आलं नसतं.

घरही पुष्कळ बदललं. नॉनस्टिकचा तवा फार तापला की त्यातून निघणाऱ्या वाफेने पक्षी मरू शकतो असं कळल्यावर माळ्यावरचा सासूबाईंचा बिडाचा तवा खाली आला, आणि धिरडी पहिल्यासारखी होऊ लागली. उदबत्तीचा धूर त्यांना सोसत नाही, म्हणून देवांपुढची उदबत्ती मागच्या अंगणात तुळशीपाशी गेली. देवांनी तक्रार केली नाही. निदान बायकोकडे तरी केली नाही. चॉकलेट घरात उघडं ठेवायचं नाही. दौलताबादच्या रस्त्यावरून सीताफळं आणली तर एकेक बी काढून नुसता गर द्यायचा. आमच्या मुलीला तिच्या लहानपणी मी बिया काढून सीताफळ कधीच दिलं नव्हतं, हे तिने व्हिडिओ कॉलवर बघितलं आणि लक्षात ठेवलं. पाहुणे डाव्या पायाच्या मुठीत फोड धरतात, न्याहाळतात, निम्मी खातात आणि निम्मी खाली सोडून देतात. रानात त्या सांडलेल्यावर खालचे जीव जगतात म्हणे. इथे खाली मी असतो, झाडू घेऊन.

आणि अंघोळ. आमच्या गावात नळाला पाणी रोज येत नाही. पाणी येण्याचा दिवस हा इथे जवळजवळ सणच असतो. ॲमेझॉनच्या पावसासाठी घडलेल्या जिवाला हे कसं समजावणार? पण त्यांचं त्यांनी समजून घेतलं. टाकीची मोटार सुरू झाली की ते पंख पसरून उलटे लटकतात आणि जोरजोरात झुलू लागतात, मग बायको कुंड्यांवर पाणी मारायचा फवारा घेऊन जाते. गल्लीत आता पाणी आल्याची बातमी आमच्याकडूनच पोचते.

त्यांच्या ओरडण्याविषयी मात्र शेजाऱ्यांची क्षमाच मागायला हवी. सकाळी उजाडताना आणि संध्याकाळी दिवेलागणीला तो आवाज निघतो. दाट जंगलातून पार पलीकडे पोचावा म्हणून घडवलेला आवाज दहा बाय चारच्या गॅलरीतून सुटला की भांडी वाजतात. आधी आम्ही दोघंही धावत जाऊन "गप, गप" करत होतो, त्याने तो दुप्पट होई. नंतर समजलं की ती हाक असते. थव्यातले पक्षी पांगले की एकमेकांना विचारून घेतात, आहात का? पलीकडून 'आहे' आलं की गप्प होतात. काम एवढंच असतं. मग ध्यानात आलं की आमच्या घरात हे गेली कित्येक वर्षं चालू आहे. स्वयंपाकघरातून आवाज येतो, "अहो!" मी पेपरामागून म्हणतो, "काय गं?" पलीकडून, "काही नाही." लग्नानंतर सुरुवातीला या 'काही नाही'चा मला राग येत असे. एखाद्या पक्ष्याने येऊन उलगडून सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं. आता दिवेलागणीला गॅलरीतून किंकाळी आली की बायको पोळी लाटता लाटता म्हणते, "आहे रे बाबा, आहे," आणि पाहुणे शांत होतात. थोड्या वेळाने मी पण आतून विचारून घेतो.

ते बोलतात का, हा येणाऱ्या प्रत्येकाचा प्रश्न. मकावचा आवाज घोगरा, शब्द फार थोडे आणि तेही पुसट, झिजलेल्या शिलालेखासारखे. बरेच दिवस ऐकल्यावर अक्षरं जुळतात. आमच्या पाहुण्यांना येते ती आमच्या शहराची दखनी. "खाना हुआ क्या जी?" असं ते अगदी भरल्या पोटी विचारतात, आणि भेंडी पुढे केली की "नक्को" म्हणतात. कुकरच्या शिट्ट्या येतात. नोकियाच्या जुन्या फोनची ती घंटी येते, त्यावरून त्यांच्या वयाचा थोडा अंदाज बांधता आला. म्हणजे त्या हायवेवरच्या ठिकाणाच्याही आधी कुठलं तरी घर होतं. जुन्या शहरातलं असेल, शहागंजकडचं असेल, कोण जाणे. त्या घरात कोणीतरी खोकत असे. दुपारच्या शांततेत पाहुणे तो खोकला काढतात : आधी दोन कोरडे ठसके, मग छातीतून आलेला एक लांब, दमवणारा, आणि त्यानंतर थकलेल्या आवाजात, "पानी ला बेटा." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बायको खरोखर उठून पाण्याचा तांब्या घेऊन गॅलरीत गेली. तिथे पाहुणे एका पायावर उभे राहून डोळे अर्धे मिटून होते.

अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट हा जर्मन प्रवासी १८०० साली ओरिनोको नदीवर होता. मायपुरेस नावाच्या वस्तीत त्याला एक म्हातारा पोपट दाखवला, आणि सांगितलं की हा काय बोलतो ते कोणालाच कळत नाही, कारण तो आतुरेस लोकांची भाषा बोलतो आणि ते लोक आता उरलेले नाहीत. हम्बोल्टने हे नोंदवून ठेवलं. मी पूर्वी वाचलं तेव्हा मला त्यातली भाषा मेल्याची हकीकत मोठी वाटली होती. आता वाटतं, त्या पोपटाचं नेमकं काय झालं असेल? तो जे म्हणत होता त्यात थोर असं काही नसणारच. 'दार लाव', 'मासे आले का', 'पोर रडतंय बघ', असलंच काही असणार. पक्षी घरातलं रोजचंच उचलतो. माणसाने कधीकाळी जे ठणकावून सांगितलं असेल ते सगळं हवेत विरून जातं आणि खोकला तेवढा शिल्लक राहतो. आमच्याकडे तो खोकला येतो तेव्हा बायको आता उठत नाही, पण हातातलं काम थांबवून "आणते हं" म्हणते. कोणाला म्हणते, ते मी विचारलेलं नाही.

तिची आणि पाहुण्यांची दिलजमाई झाली ती पैठणीमुळे. तोवर ती त्यांच्या चोचीला भिऊन चार हात लांब असे. भाचीच्या लग्नाला निघताना तिने तिच्या लग्नातली पैठणी नेसली आणि गॅलरीचं दार लावायला गेली. त्या साडीच्या काठावर मुनिया आहेत, म्हणजे विणकराचे ते इवलेसे हिरवे पोपट, लाल चोचीचे, एकामागोमाग एक. मी बूट घालत होतो, आतून बायकोची हाक आली; ती ओरडण्याची नव्हती, कुजबुजण्याची होती. जाऊन बघतो तर पाहुणे पिंजऱ्याच्या दारातून अर्धे बाहेर आलेले, पदराचा काठ पायात धरलेला, आणि दाराची खिटी उखडणारी ती चोच एकेका मुनियावरून अशी फिरत होती की जरीचा एक धागासुद्धा उचकटला नाही. पहिली झाली की दुसरी, दुसरी झाली की तिसरी. ओळीने सगळ्यांना विंचरून देत होते. लग्नाचा मुहूर्त आमच्यासाठी थांबणार नव्हता, पण बायको हलली नाही. अक्षता आम्हाला मिळाल्या नाहीत. जेवण मिळालं.

नंतर हिवाळ्याच्या सुमारास त्यांची पिसं झडून नवी येऊ लागली. नवं पीस येतं ते मेणबत्तीच्या वातीसारखं एका पांढुरक्या वेष्टनात गुंडाळलेलं. ते वेष्टन टोचतं, खाजतं, आणि ते चुरडून काढल्याशिवाय पीस उलगडत नाही. अंगावरची वेष्टनं पक्षी स्वतः काढतो. डोक्यावरची जोडीदाराने काढायची असतात. एका संध्याकाळी पाहुणे माझ्या हातावर आले, आणि त्यांनी मान खाली घातली, अगदी खाली, इतकी की माझ्यासमोर नुसता निळा-हिरवा माथा आला आणि त्यावर उभे असलेले ते काटे. एवढी चोच असलेल्याने ती अशी आत वळवून, डोळे मिटून माथा पुढे करावा! मी अंगठा आणि तर्जनीत एक काटा धरून हलकेच चोळला. त्याचा पांढरा भुगा झाला आणि आतून बोटभर निळा रंग सुटा झाला. जोर जास्त झाला की ते चोचीने माझं बोट बाजूला सारत, चावत नसत. मग पुन्हा मान खाली. चष्मा नाकावर सरकलेला, मांडीवर भुगा पडलेला, असा मी बराच वेळ एका दक्षिण अमेरिकी गृहस्थांची वेणीफणी करत होतो. त्यांच्या गालांची पांढरी कातडी गुलाबी झाली होती. मकाव लाजतात की काय यावर फ्रान्समधल्या संशोधकांनी पाच मकावांचं निरीक्षण करून २०१८ मध्ये एक निबंध लिहिलाय. ओळखीचा माणूस डोळ्यांत बघून बोलू लागला की ते गाल जास्त रंगतात, असं त्यांना दिसलं. त्याला लाजणं म्हणावं का, याबाबत ते सावध आहेत. सावध असावंच. माझे गाल कोणी बघितले नाहीत.

त्यानंतर त्यांनी मला जेवायला घालायला सुरुवात केली. मान वरखाली हलवतात, पोटातलं अर्धवट पचलेलं शेंगदाण्याचं काहीतरी वर आणतात, आणि माझ्या घड्याळावर ठेवतात. आपल्याकडे पाहुण्याला आग्रह करायची रीत आहे, पाहुण्याने यजमानाला करायची नाही, त्यामुळे अशा वेळी काय म्हणायचं हे मला सुचत नाही. पाहुण्यांना तपासणारे पक्ष्यांचे डॉक्टर म्हणाले, ही जोडीदाराला द्यायची भेट आहे, फार उत्तेजन देऊ नका. मी उत्तेजन देत नाही. घड्याळ पुसतो आणि "झालं हो माझं, पोट भरलं" एवढं म्हणतो. छातीवर आता पिवळी लव आलीय. सगळी छाती भरेल असं नाही, काही ठिकाणी मुळंच उरली नसतील, हेही डॉक्टरांनी सांगून ठेवलंय.

थोडे दिवस ही मुदत कधीच उलटून गेली. त्या मुलांचा फोन अधूनमधून येतो, पण पक्षी परत कधी नेऊ, हे ते विचारत नाहीत आणि आम्हीही विषय काढत नाही. रात्री पिंजऱ्यावर चादर टाकताना गादीच्या दुकानातली ती बेरीज मात्र डोक्यात चालू होते. पाहुण्यांची उरलेली वर्षं आणि आमची उरलेली वर्षं यांचा मेळ कोणत्याही रीतीने बसत नाही. परिवेशवर 'ताबा बदलला' असं कोणीतरी कधीतरी भरणार आहे. मुलीला हे फोनवर सांगितलं तर म्हणाली, "बाबा, आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे." नात मागून ओरडली की ते तिच्या खोलीत राहतील. मुलीने तिला गप्प केलं.

मी त्यांना 'रामकृष्ण हरी' शिकवायचा पुष्कळ प्रयत्न केला. आपल्या मागे काही राहायचं तर ते बरं असावं, एवढाच हेतू. रोज सकाळी चहाच्या वेळी, स्पष्ट उच्चारात. त्यांनी मान वाकडी करून ऐकून घेतलं, आणि एक दिवस गॅलरीतून अगदी बायकोच्या आवाजात आलं, "अहो, गॅस बंद केला का?" मी पेपर बाजूला ठेवून उठणार, एवढ्यात त्याच चोचीतून माझ्या आवाजात, माझ्या त्या ओढून धरलेल्या सुरात उत्तर आलं, "बघतोऽऽ." आतल्या खोलीत बायको हसत हसत खाली बसली. तिचं म्हणणं, आमचा सगळा संसार या दोन वाक्यांत आला. मला वाटतं, त्यात थोडी अतिशयोक्ती आहे, पण फार नाही. आता दुपारी क्रमाने सगळं होतं : नोकियाची घंटी, दोन ठसके, "पानी ला बेटा", "गॅस बंद केला का", "बघतोऽऽ". आमच्यानंतर हे ज्या घरात जाईल तिथे भर दुपारी कोणीतरी उठून उगाचच शेगडी बघून येणार.

हे मुलीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आमच्याकडे इंडक्शन आहे, बाबा." विषय तिथेच संपला असं मी धरलं होतं. पण संध्याकाळी तिचा मेसेज आला, पिंजऱ्याची लांबी-रुंदी-उंची किती आहे? गॅलरीला जाळी बसवायची आहे म्हणून नुसतं विचारून ठेवते, घाई काही नाही. मी टेप घेऊन गॅलरीत गेलो. पाहुण्यांनी टेपचं टोक डाव्या पायात धरलं, चोचीने दाबून पाहिलं, पसंत पडलं असावं, कारण ते सोडायला काही तयार होईनात. त्यामुळे मापं अजून पुण्याला गेलेली नाहीत.